मदतीच्या फाइली अशा जोडा, की कुणी पोचता कामा नये

तुमचं सॉफ्टवेअर कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीनं घेतलं, अभिनंदन. आता गिऱ्हाईक ‘मदत’ मागणार. द्या की! एक फाइल खरेदीची, एक स्टॉकची, एक जॉबवर्कची, एक जीएसटीची. प्रत्येक फाइल वेगळ्या माणसाला लिहायला द्या आणि त्यांना शेजारी-शेजारी बसवू नका. फाइल ज्याची त्याची असते, दोन फाइलींमधली लिंक मात्र कुणाचीच नसते. ती बेवारस जागा जपा. खरं काम तिथंच करायचं आहे.

समजा, अकाउंटंटला कास्टिंग मशीनिंगसाठी उद्यमनगरातल्या दुसऱ्या कारखान्यात पाठवायचं आहे. जॉबवर्कचं चलन कसं काढायचं ते त्याला सापडू द्या, सगळंच लपवलं तर संशय येतो. पण त्या चलनावरून ई-वे बिल कसं काढायचं आणि पुढं आयटीसी-०४ या जॉबवर्कच्या जीएसटी विवरणपत्रात ते कुठं दाखवायचं, हे जीएसटीच्या फाइलीत ठेवा. तिकडं नेणारे शब्द फक्त ‘येथे क्लिक करा’. चार ओळींत चार वेळा ‘येथे’. दाबलं की त्याला फाइलीच्या डोक्यावर नेऊन सोडा. शीर्षकाला आयडी (लिंकला धरता येईल असं नाव) दिला तर माणूस नेमका हव्या त्या परिच्छेदावर उतरतो, पण मग बाकीची फाइल वाचणार कोण? आणि ई-वे बिलाच्या परिच्छेदाखाली न विसरता लिहा, ‘अधिक माहितीसाठी जॉबवर्क पाहा.’

लिंकचा पत्ता लिहिताना संकोच नको. तुमच्या डी ड्राइव्हपासून सुरुवात करा, मग ‘नवीन फोल्डर’, मग ‘फायनल’, मग ‘फायनल २’. तुमच्या मशीनवर लिंक उघडली ना? झालं टेस्टिंग. रिलेटिव्ह, म्हणजे आहे त्या फाइलीपासून मोजलेला, पत्ता दिला तर सगळ्या फाइली एकत्र कुठंही हलवल्या तरी चालतो. त्यात काय मजा?

पूर्वी एवढे कष्ट नव्हते. मायक्रोसॉफ्टनं १९९७ मध्ये सीएचएम, म्हणजे मदतीची सगळी पानं एका गाठोड्यात बांधणाऱ्या, फाइली आणल्या. एकीतून दुसरीत जायचं तर पत्त्यात दुसऱ्या फाइलीचं नाव, दोन कोलन आणि मग पान. दुसरी फाइल जाग्यावर नसली की खेळ खलास. २००५ च्या सुरक्षा अपडेटनंतर तर सर्व्हरवर ठेवलेली सीएचएम उघडली की डावीकडं अनुक्रमणिका झकास दिसायची आणि उजवीकडं पानच यायचं नाही. लेखकानं बोट न हलवता! आता सगळं ऑनलाइन, म्हणून प्रत्येक आवृत्तीला फाइलींची नावं आपणच बदलायची आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडं पाठवणारं ३०१ लावायचं नाही. चांगले पत्ते बदलत नसतात, असं वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ पासून सांगताहेत. सांगू द्या. त्यांना कुठं शिरोलीत सपोर्ट द्यायचाय!

धोका एकच, नवीन भरती झालेलं हुशार पोरगं. ते म्हणेल, ‘डिटा या मॅन्युअल लिहायच्या पद्धतीत लिंकला नुसती की, म्हणजे टोपणनाव, देऊ, खरा पत्ता मॅप नावाच्या एकाच फाइलीत ठेवू, बदलला तर तिथंच बदलू.’ किंवा, ‘स्फिंक्स या मॅन्युअल बनवायच्या साधनात इंटरस्फिंक्सनं दोन्ही मॅन्युअलं जोडू आणि रिलीजच्या आधी तुटक्या लिंक शोधणारं लिंकचेक चालवू.’ रागावू नका. ‘भावा, चालतंय की,’ म्हणा आणि त्याला रिपोर्टांचे फॉन्ट बदलायला बसवा.

लोक चिडतील ही भीतीही सोडा. टोलविरोधात वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलेलं हे कोल्हापूर, पण तुटक्या लिंकसाठी बिंदू चौकात अजून तरी कुणी जमलेलं नाही. माणूस ‘पान सापडत नाही’ सांगणारं ४०४ बघतो, आपलंच काहीतरी चुकलं असं समजतो आणि निमूट खिडकी बंद करतो.

फौंड्रीतून फोन मात्र येईल. आवाज चढवू नका. ‘साहेब, मदतीत सगळं दिलंय, लिंक व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो,’ म्हणा आणि तो डी ड्राइव्हचा पत्ता पाठवून द्या. एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीचं, बिल तेवढं स्वतः नेऊन हातात द्या. ते पोचायला पाहिजे.