अर्थिंग नाही तुमच्याकडे

परवा रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर एक संदेश आला: 'तळमजल्यावरचा दोन दिवस बंद असलेला कॉम्प्युटर काकांनी एका थापेत सुरू करून दिला. काकांचे मनःपूर्वक अभिनंदन.' खाली एकोणीस अंगठे, सहा जोडलेले हात आणि एक केक. केक कोणी व कशासाठी टाकला ते कळले नाही, परंतु एकोणीस अंगठ्यांपैकी एक माझ्या नवऱ्याचा होता हे मात्र नीट कळले. तळमजला माझा आहे, कॉम्प्युटर माझा आहे आणि तो सुरू मी केला आहे. हे वाक्य मी गटावर तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले, कारण ते कसेही लिहिले तरी चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाशी कचकच करणारी एक बाई त्यातून डोकावतेच. म्हणून ते येथे लिहिते.

मुळातला घोळ माझाच होता, हे आधी सांगून मोकळी होते. कॉम्प्युटर बारा वर्षांचा. त्यावरील विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आमच्या मदरबोर्डावर नाही. म्हणून विंडोजच्या शेजारी मी लिनक्स या मोफत प्रणालीचे डेबियन हे रूप बसवले, मग हौस म्हणून डिस्कच्या आणखी एका भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, मिंट हे दुसरे रूप बसवले, आणि रविवारी रात्री जागा हवी म्हणून मिंटचे पार्टिशन पुसून टाकले. सोमवारी सकाळी काळ्या पडद्यावर 'नो सच पार्टिशन' अशी एक ओळ आणि तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू' एवढे दोनच शब्द होते. ग्रब म्हणजे कॉम्प्युटर चालू होताच कोणती प्रणाली उघडायची ते विचारणारा छोटा प्रोग्रॅम. नागपुरातल्या सीताबर्डीच्या एका दुकानदाराला फोन केला तेव्हा त्याने प्रश्न पूर्ण ऐकून न घेताच 'फॉरमॅट मारून देतो मॅडम, पाचशे रुपये' असे सांगितले. याच माणसाला ताप आलेला रुग्ण दाखवला असता तर त्याने सरळ अंत्यविधीचा खर्च सांगितला असता असे वाटून मी फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी साडेदहाला काका आले. काका वरच्या मजल्यावर राहतात, वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले आहेत, आणि इतर माणसे शर्टाच्या खिशात जेथे पेन लावतात तेथे ते अजूनही टेस्टर लावतात. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे लेखी द्यावे लागते, त्या हयातीच्या दाखल्याचा अर्ज त्यांना छापून हवा होता. एका हातात पेनड्राइव्ह, दुसऱ्या हातात दुपट्ट्यात बांधलेली काटोलच्या बागेतली आंबिया बहाराची संत्री. त्यांनी मोढा ओढून सीपीयूच्या डब्याशेजारी बैठक मांडली, एक संत्रे सोलायला घेतले आणि विचारले, "काय करून राहिली सूनबाई?"

"काका, कॉम्प्युटर बूट होत नाही आहे."

"अर्थिंग पाहिली का?"

अर्थिंगशी याचा काही संबंध नाही असे मी म्हणाले. ही माझी पहिली चूक, कारण ज्या माणसाने छत्तीस वर्षे खांबांवर चढून काढली आहेत त्याच्या दृष्टीने जगात अर्थिंगशी संबंध नसलेली गोष्ट नसते. मागील उन्हाळ्यात कूलरचा पंप जळाला तेव्हा अर्थिंग, दूध नासले तेव्हा फ्रिजची अर्थिंग, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला बारावीत गणितात कमी गुण पडले तेव्हा 'त्याच्या टेबललॅम्पले अर्थिंग नाही, डोकं कसं चालन?' असे निदान त्यांनी जिन्यात उभे राहून केले होते.

दुसरी चूक म्हणजे मी समजावून सांगायला गेले. म्हटले, काका, आपल्या झीरो माईलवरून कसे सगळीकडचे अंतर मोजतात, तसा या डिस्कचा एक शून्य क्रमांकाचा सेक्टर असतो. तो जेमतेम ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट पार्टिशनांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे २ नुसते सहीपुरते. ही पद्धत १९८३ सालची आहे आणि आमचा जुना कॉम्प्युटर अजून तिच्यावरच चालतो. एवढ्याशा जागेत पुढचे सगळे मावत नाही, म्हणून तेथला प्रोग्रॅम फक्त पुढच्या माणसाचा पत्ता सांगतो.

काकांनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि गंभीरपणे विचारले, "झीरो माईलले चार घोडे आहेत. तुया डिस्कमंदी किती आहेत?"

मी उत्तर द्यायला नको होते. पण या पद्धतीत मुख्य पार्टिशने चारच करता येतात, त्यापुढे हवी असतील तर चौथ्याच्या पोटात करावी लागतात, ही वस्तुस्थिती आहे, आणि मी वस्तुस्थितीशी बेइमानी करू शकत नाही. "चार," मी म्हणाले.

"मंग बरोबर आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी मोढा आणखी जवळ ओढला.

याच सुमारास 'पार्टिशन' हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचला असावा, कारण सासूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि कोणाची वाटणी चालली आहे असे त्यांनी काळजीच्या सुरात विचारले. वाटणी म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला. काटोलच्या बागेची त्यांच्यात आणि त्यांच्या धाकट्या भावात झालेली वाटणी हा आमच्या इमारतीत प्रत्येकाने किमान दोनदा ऐकलेला विषय आहे, परंतु तो ऐकणाऱ्याच्या दोन्ही हातांत कळफलक असताना सांगण्याची संधी त्यांना प्रथमच मिळत होती.

मी टाइप करत होते आणि ते सांगत होते. रेस्क्यूच्या त्या पडद्यावर आज्ञा मोजून चारपाचच चालतात. 'एलएस' टाकले की डिस्कवरची पार्टिशने दिसतात; त्यांत डिस्क शून्यापासून मोजलेली असते आणि पार्टिशने एकापासून, हा हिशेब ज्याने ठरवला त्याला एकदा भेटण्याची माझी इच्छा आहे. इकडे काका सातबाऱ्यावर आले होते. मोजणी झाली, चुना पडला, बांध घातला, झाडे निम्मी निम्मी झाली. "कागद एकदम पक्का," ते म्हणाले. "दोघाइच्या सह्या. तलाठी बी खूश. अन् उन्हाळा लागला तवा समजलं, का विहीर भावाच्या हिश्श्यात गेली. मायी झाडं मायाकडे, पन पानी त्याच्याकडे! आता झाडाले मी काय सातबारा पाजू?"

सासूबाईंनी 'अगंबाई' म्हटले. मी टाइप करायची थांबले.

हे लिहिताना अजून दात ओठ खावेसे वाटतात, पण माझ्या कॉम्प्युटरचे अचूक निदान तेच होते. डेबियन जागच्या जागी होते, विंडोज होते, फाइली होत्या, एकही झाड वाळले नव्हते. परंतु नंतर बसवलेल्या मिंटने शून्य सेक्टरमध्ये स्वतःच्या ग्रबचा पत्ता लिहून ठेवला होता, आणि ज्या पार्टिशनचा तो पत्ता होता ते मी रविवारी रात्री पुसले होते. विहीर मी स्वतःच्या हाताने बुजवली होती. काकांना यातले काही कळले नव्हते आणि मी कळू दिले नाही. त्यांनी दुसरे संत्रे घेतले आणि सोलताना सालीचा एक बारीक फवारा पडद्यावर उडाला.

यापुढचे थोडक्यात सांगते. डेबियनच्या पार्टिशनचा पत्ता हाताने देऊन पाहिला, पण ग्रबचा गाभा मिंटचा आणि मॉड्यूल, म्हणजे सोबतचे सुटे भाग, डेबियनची, दोघांचे पटेना. म्हणून लिनक्स भरलेल्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला, डेबियनचे पार्टिशन माउंट केले म्हणजे जोडून घेतले, क्रूट या आज्ञेने त्याच्या आत शिरले आणि ग्रब पुन्हा बसवले. यात डिस्कचे नाव देताना एक अक्षर चुकले तर काम भलत्याच डिस्कवर होते, त्यामुळे मी श्वास रोखून तीनदा खात्री करत होते, आणि त्या तिन्ही वेळी काका 'थे लाल वायर कोनती?' असे विचारत होते. लाल वायर कोणतीच नव्हती. ती हार्डडिस्कची केबल होती.

'नो एरर रिपोर्टेड' अशी ओळ आली. या एका ओळीसाठी मी एक रात्र जागले होते. पेनड्राइव्ह काढला आणि रीस्टार्ट केले. पडदा काळा झाला आणि डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकू लागली. आमची डिस्क म्हातारी आहे, तिला उठायला पंधरावीस सेकंद लागतात. मला ते ठाऊक होते. मी शांत बसले होते.

"पाय, काही नाही झालं," काका म्हणाले, मोढ्यावरून उठले, आणि 'जाऊ दे सर, मी पायतो' असे म्हणत त्यांनी सीपीयूच्या डब्यावर उजव्या हाताची एक सणसणीत थाप मारली.

ग्रबचा मेनू आला.

टाळी प्रथम सासूबाईंनी वाजवली. पाण्याचा कॅन घेऊन दारात उभा असलेला मुलगा 'वा काका!' म्हणाला. मी 'अहो, ते आधीच' एवढे म्हणाले आणि थांबले, कारण काकांनी अत्यंत उदारपणे माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटले, "असू दे. तू बी मेहनत केली."

खरे सांगायचे तर फिरत्या हार्डडिस्कवर अशी थाप मारणे म्हणजे तिचा जीव घेण्यासारखे आहे. आतले वाचणारे डोके तबकडीपासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. ते डोके आपटले असते तर गटावर कोणाचे नाव आले असते, याचा मला पूर्ण अंदाज आहे. संध्याकाळी नवऱ्याला मी हे सगळे क्रमवार सांगितले. त्याने जेवता जेवता ऐकले आणि म्हणाला, "थाप मारल्यामुळे नसेल झाला, पण थाप मारल्यावर झाला ना?" पुढे तो असेही म्हणाला, की तुझा छंद आहे, तर श्रेय कशाला धरून बसतेस. लिनक्सचा जनक लिनस तोरवाल्ड्स याने १९९१ सालच्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीहून आपल्या लिनक्सविषयी पहिल्यांदा जगाला कळवले तेव्हा त्यानेही तो केवळ छंदच असल्याचे म्हटले होते. पण त्याच्या घरी वरच्या मजल्यावर काका नसावेत. माझा नवरा स्वतः स्कूटरची किक मारून गाडी सुरू झाली, की शेजाऱ्यांना बोलावून ती सांगण्याची गोष्ट समजतो. मी घरातला राउटर बदलते, सासूबाईंच्या फोनमधले फसवे ॲप काढते, सोसायटीच्या देखभालीचा हिशेब एक्सेलमध्ये बसवते, आणि या सगळ्याला घरात एकच क्रियापद आहे: 'झाले'. वायफाय झाले. फोन झाला. हिशेब झाला. कोणी केले, हा प्रश्न व्याकरणातच येत नाही.

असो. काकांचा अर्ज छापायचा राहिलाच होता. तो युनिकोडपूर्व काळातल्या कुठल्याशा फाँटात टाइप केलेला निघाला, डेबियनमध्ये उघडल्यावर त्यात नुसती कंस-चौकटींची रांगोळी दिसली, म्हणून विंडोज उघडावे लागले. घड्याळात दुपारचे बारा वाजत आले होते आणि पडद्यावर सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. यालाही साधे कारण आहे: पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने नेटवरून वेळ घेऊन मदरबोर्डाच्या घड्याळात ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे लिहून ठेवली, विंडोज तीच स्थानिक वेळ समजले, आणि आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे तेवढाच फरक पडला. हे कारण सांगण्यासाठी मी तोंड उघडले होते.

"पाहा," काका सासूबाईंना म्हणाले, "घड्याळ साडेपाच तास मागं. मी काय सांगून राहिलो होतो?"

काल सकाळी ते दोन किलो खडे मीठ, पोतंभर कोळसा, तांब्याची पट्टी आणि हिरव्या वायरचे भेंडोळे घेऊन आले. सोसायटीने खर्चाला मंजुरी दिली आहे. ठरावाच्या बाजूने सतरा अंगठे होते आणि नवऱ्याचा त्यातही होता. माझ्या कढीपत्त्याच्या झाडाशेजारी आता चार फुटांचा खड्डा भरून तयार आहे आणि त्यातून एक वायर खिडकीवाटे माझ्या टेबलाखाली आली आहे. अशा अर्थिंगला ओल टिकवावी लागते, त्यामुळे तेथे रोज सकाळी एक बादली पाणी घालण्याचे काम सासूबाईंनी मला दिले आहे. आज घातले.