स्लॅश तोच, सीपीचं घराणं वेगळं

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फायलींची नक्कल करणाऱ्या सीपी कमांडमध्ये डिरेक्टरीच्या (फोल्डरच्या) नावाशेवटी स्लॅश लावला की निकाल बदलतो, ही माझ्या लेखातली भानगड लिनक्सवर दिसतच नाही, अख्खी डिरेक्टरी उचलणाऱ्या स्मॉल आर (-r) आणि कॅपिटल आर (-R) या पर्यायांत काही फरक नाही, आणि सगळं जसंच्या तसं नेणाऱ्या पर्यायाबद्दल, "-ए लावा, विषय संपला."

लिनक्सवर दिसणार नाहीच. लेखातला सीपी बीएसडी (युनिक्सची एक शाखा) घराण्यातला, जो मॅकओएसवर मिळतो. तिथे बॅकअप ही डिरेक्टरी आधीच असेल आणि तुम्ही कॅपिटल आर लावून "सीपी -आर फोटो/ बॅकअप" म्हणालात, तर फोटोमधल्या सगळ्या फायली थेट बॅकअपमध्ये जाऊन पडतात. स्लॅश काढा, की बॅकअपच्या आत फोटो नावाची डिरेक्टरी बनते. जीएनयूचा सीपी (लिनक्सवर सहसा असतो तो) दोन्ही वेळा बॅकअपच्या आत फोटोच बनवतो. आणि मॅकवर -एच्या पोटातच कॅपिटल आर आहे, म्हणजे स्लॅशचा गोंधळ जिथल्या तिथे. शिवाय -ए पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या सामायिक मानकात) नाही.

आता दोन आर. 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये सीपीला एकही आर नव्हता. अख्खी डिरेक्टरी न्यायची तर टार या फायलींचं गाठोडं बांधणाऱ्या आणि सोडणाऱ्या कमांडचं आउटपुट थेट (पाइपने) दुसऱ्या टारला द्यायचं. ही युक्ती टारच्या मॅन पेजमध्येच (कमांडच्या माहितीपानात) होती. पुढे स्मॉल आर आला तो भाबडा: समोर येईल ते साधी फाइल समजून वाचायचं. वाटेत नेम्ड पाइप (एका प्रोग्रॅमने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं अशी खास फाइल) लागला, की कुणीतरी त्यात लिहील या आशेवर सीपी अडकून बसायचा. कॅपिटल आर पाइप वाचत नाही, पलीकडे तसाच नवा पाइप तयार करतो. पॉझिक्सने 2008 मध्ये स्मॉल आर काढूनच टाकला. जीएनयूमध्ये आज दोन्ही सारखे, हे मान्य. पण पाइप वाचत बसायची जुनी खोड "--कॉपी-कंटेंट्स" लावून अजूनही मागवता येते. (हा पर्याय वापरणं बहुधा चूकच, असं त्यांचंच मॅन्युअल सांगतं!)

आणि लिनक्सवाल्यांनाही चावणारी गोष्ट राहिलीच. बॅकअप नसताना "सीपी -आर फोटो बॅकअप" चालवा: बॅकअप ही फोटोची नक्कल होते. तीच ओळ पुन्हा चालवा: आता बॅकअपच्या आत फोटो. स्क्रिप्ट रोज रात्री चालणारी असेल तर हे लक्षातही येत नाही. जीएनयूमध्ये यावर कॅपिटल टी (बॅकअप आधीच असला तरी त्याच्या आत नवी डिरेक्टरी न बनवणारा पर्याय) आहे, पण मी दोन्हीकडे चालेल असंच लिहितो: आधी "एमकेडिर -पी बॅकअप" (बॅकअप नसेल तर बनवा), मग "सीपी -आर फोटो/. बॅकअप/". स्लॅशपुढचं टिंब गाळू नका. ते गाळलंत तर लिनक्सवर पुन्हा बॅकअपमध्ये फोटो.