आकडा पडू देऊ नका

रासायनिक कारखान्याच्या सुरक्षेची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर आधी अभिनंदन. घाबरू नका, रसायनशास्त्र आलंच पाहिजे असं मुळीच नाही. फाटकाशी एक हिरवा फलक असतो, 'अपघाताविना दिवस' असं लिहिलेला. त्यावरचा आकडा रोज एकाने वाढवायचा, एवढीच तुमची नोकरी.

त्यासाठी 'अपघात' हा शब्द तेवढा नीट समजून घ्या. कॉस्टिक सोड्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर तो प्रथमोपचार. गरम वाफेने हात पोळला तर ती कामगाराची बेपर्वाई. कायदा म्हणतो की जखमी माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ काम करू शकला नाही, तर निरीक्षकाला कळवा. म्हणजे ४७ तास आपलेच झाले. मी पूर्वी होतो त्या कारखान्यात पायाला प्लास्टर घातलेल्या एका हेल्परला सत्तेचाळिसाव्या तासाला जीपमध्ये घालून आणलं, टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवलं आणि पंच मारून घेतला. दिवसभर तो पंख्याकडे बघत बसला होता. आकडा शाबूत राहिला.

परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाची लेखी परवानगी, हा दुसरा महत्त्वाचा कागद. वेल्डिंगचं परमिट जागेवर जाऊन, गॅस तपासून, मग सही करून द्यायचं असतं म्हणे. इतका वेळ कोणाकडे आहे? सोमवारी सकाळी आठवड्याचा गठ्ठा सह्या करून ठेवा. ठेकेदाराचे कामगार ओडिशा-झारखंडचे, परमिट इंग्रजीत, सूचना मराठीत, शिव्या कोंकणीत. तरीही 'मला सगळं समजलं' या ओळीखाली अंगठा उमटतोच. राष्ट्रीय एकात्मता आणखी काय वेगळी असते?

खरं कसब लागतं ते टाकी साफ करून घेताना. मॅनहोल उघडल्यावर वास आला नाही, की हवा चांगली आहे असं समजा. टाकीतली हवा हाकलायला आदल्या रात्री नायट्रोजन सोडला होता, हे आठवून उगाच बेचैन होऊ नका. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के तोच असतो, मग घरच्या माणसाला काय भ्यायचं? पुस्तकात आहे की हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली गेला तर माणूस आत उतरवू नये. पण तो मोजायचा मीटर गेल्या चतुर्थीपासून कॅलिब्रेशनला गेलेला आहे. सांडपाण्याच्या टाकीत उलट असतं, तिथे हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि वायू फार वाढला की वास येईनासा होतो. वायू तिथेच असतो, नाक तेवढं मेलेलं असतं. पण वास गेल्यावर मुकादमाला जे हायसं वाटतं, त्याला मोल नाही.

आत उतरलेला हाकेला ओ देईनासा झाला, की दुसऱ्याने ताबडतोब उडी घ्यावी, आणि त्याच्या मागोमाग तिसऱ्याने. वर दोरी धरून उभं राहायच्या माणसाला आपण चहा आणायला पाठवलेलं असतंच. म्हणून तर अशा बातम्यांत मेलेला सहसा एकटा नसतो. मैत्रीखातर जीव दिला, असं गाव म्हणतं. 'मृतांनी सूचनांचे पालन केले नाही' असं अहवाल म्हणतो.

तात्पुरत्या दुरुस्तीबद्दल मात्र मन मोठं ठेवा. १९७४ साली इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या कारखान्यात एका रिॲक्टरला, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते त्या टाकीला, तडा गेला. तो काढून, काम थांबू नये म्हणून दोन बाजूंच्या रिॲक्टरना जोडणारा वीस इंची वाकडा पाइप घातला. त्याचं डिझाइन काय, तर वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती. दोन महिने पाइप मुकाट्याने चालला आणि १ जूनला फुटला. २८ माणसं गेली. शनिवार नसता तर किती जास्त गेली असती, याचा हिशोब लोक अजून करतात. तुम्ही यातून खडूचा धडा घ्या. खडू स्वस्त असतो आणि पुसताही येतो. आपल्याकडे तर तारेचा जंपर मारून इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी सोय, बाजूला ठेवला, की तो फक्त इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात असतो, आणि इलेक्ट्रिशियन पुढच्या महिन्यात दुबईला.

काटकसरीचा आदर्श म्हणाल तर भोपाळ. डिसेंबर १९८४ मध्ये मिथिल आयसोसायनेट या विषारी रसायनाची टाकी गार ठेवणारं यंत्र तिथे बंद होतं, वायू धुऊन काढणारा स्क्रबर काम देत नव्हता, आणि उरलेला वायू जाळायचा त्या मनोऱ्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. तीन पहारेकरी, तिघेही एकाच रात्री सुट्टीवर. तुमच्याकडे अजून दोन चालू असतील, तर बजेटच्या बैठकीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

गोव्यात असल्याचा एक फायदा हातचा सोडू नका. दसऱ्याला यंत्रांची पूजा करा, झेंडूच्या माळा घाला. आमच्याकडे प्रेशर गेजवर घातलेली माळ दिवाळीपर्यंत होती, त्यामुळे दाब वाढल्याची एकही तक्रार आली नाही. राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवचाराला, रोट आणि सोरो (दारू) द्या, गाऱ्हाणं घाला. नवीन सेफ्टी व्हॉल्व्हपेक्षा ते स्वस्त पडतं. देवचारावर माझा विश्वास आहे, खोटं कशाला बोलू? आमच्या गावच्या राखणदाराला वाहिलेल्या चपला वर्षाने झिजलेल्या मिळतात. पण तो पायी फिरून शेताची, बांधाची राखण करतो. रिॲक्टरचं तापमान बघायला त्याला कोणी सांगितलेलं नाही.

गावकऱ्यांना काही कळवू नका. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात बदल झाला. धोका काय आणि काही झालं तर काय करायचं, हे आसपासच्या लोकांनाही सांगावं असं तो म्हणतो. कायदा लिहिणाऱ्यांनी गोव्याची ग्रामसभा बघितली नसावी. केरीच्या पठारावरचा नायलॉन ६,६ चा प्रकल्प १९९५ च्या आंदोलनानंतर परत गेला, हे फोंड्यात अजून कोणी विसरलेलं नाही. म्हणून मौन बरं. जानेवारी २०१८ मध्ये चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा लोकांना घरं सोडून बाहेर पडावं लागलं. अशा वेळी वाऱ्याला आडवं धावायचं, ओला कपडा नाकाला धरायचा, एवढं आधी सांगितलं असतं तर ते कामी येतं. पण सांगितलं की लोक विचारणार, 'म्हणजे तुमच्याकडे अमोनिया आहे तर!'

मॉक ड्रिल वर्षातून दोनदा करावीच लागते. दुपारच्या जेवणाआधी ठेवा, म्हणजे माणसं चटकन गोळा होतात. तारीख आठवडाभर आधी सांगा. जखमी म्हणून हलका माणूस निवडा. वारा कुठून येतो हे दाखवणारी पिशवी पावसात फाटून तिचा नुसता दांडा उरला असेल, तर फोटोत तो येणार नाही अशा बेताने उभे राहा. भोंगा वाजला नाही तरी शिपाई ओरडेल. 'कांय जायना, पात्रांव' (काही होत नाही, साहेब), असं म्हणतो तो, आणि आजवर त्याचंच खरं ठरलं आहे.

आमच्या फलकाचा आकडा रोज सकाळी हाच शिपाई बदलायचा. फलक उंचावर, शिडी स्टोअरमध्ये कुलपात, म्हणून तो पॅलेटवर कॉस्टिकचं रिकामं पिंप ठेवून त्यावर चढायचा. सातशे एकेचाळीसचा बेचाळीस करताना पिंप सरकलं आणि तो खाली आला. मनगट मोडलं, जीप आली, त्याला नेलं. आता आकडा शून्यावर आणायचा म्हणजे फलकाशी चढायला माणूस हवा. तो माणूस तर फोंड्याला हाडांच्या डॉक्टरकडे. मी खाली उभा राहून बराच वेळ वर बघत होतो. ७४२ नीट सरळ लागले होते.