तळी उचलणाऱ्यांनो, तुमच्याशीच बोलते आहे

परवा सकाळी आठ वाजता इंदूरला आमच्या चौकातल्या पोह्यांच्या दुकानासमोर एका ई-रिक्षावाल्याच्या थोबाडीत बसली. का? तर मागे हूटर वाजत होता आणि रिक्षा बाजूला घ्यायला त्याला दहा सेकंद उशीर झाला. गाडीला काळ्या काचा, नंबर प्लेटच्या वर कुठल्याशा पदाची लाल पाटी. उतरलेला पोरगा पंचविशीचाही नसेल. "जानता नहीं किसकी गाड़ी है?" म्हातारा रिक्षावाला खाली वाकून चष्मा शोधत होता. एक काच निखळली होती. ती त्याने शर्टाला पुसली आणि खिशात ठेवली. हात थरथरत होते त्याचे.

आणि आम्ही पंधरा-वीस जण? सगळ्यांच्या माना प्लेटमध्ये. पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरणं चालू, शेव मागणं चालू. मी "अरे, मार क्यों रहे हो?" म्हणाले तर दुकानदारच कुजबुजला, "दीदी, रहने दो, भिया के आदमी हैं." भिया म्हणजे भैया, आमच्या भागातले पुढारी. चौकात हवालदार उभा होता. तो आला तो रिक्षावाल्यावरच डाफरला, "चल, आगे बढ़ा!"

या "रहने दो"नेच माझं डोकं फिरतं. गाड्यांवरचे लाल दिवे 2017 च्या मे महिन्यात उतरले म्हणे. काय उपयोग? दिव्याच्या जागी हूटर आला, पाटी आली, आणि रस्ता सोडून देणारे आपण तेच राहिलो.

2019 चा जून आठवतोय ना? याच इंदूरमध्ये जुनं घर पाडायला आलेल्या महापालिकेच्या अधिकाऱ्यावर आमदार क्रिकेटची बॅट घेऊन धावून गेले. तो व्हिडिओ अख्ख्या देशाने पाहिला. जामीन मिळाल्यावर हारतुरे झाले, जल्लोष झाला. 2024 मध्ये सगळे निर्दोष सुटले. कोणी मारलं ते आपण पाहिलं नाही, असं खुद्द त्या अधिकाऱ्यानेच कोर्टात सांगितलं होतं. परवा हात उचलणारा पोरगा तेव्हा शाळेत असेल. शिकायचं ते शिकला तो.

आता आपल्या इथल्या मराठी माणसांबद्दल. होळकरांच्या काळापासून इथे राहतोय, याचा आपल्याला केवढा अभिमान! राजवाड्यासमोर अहिल्याबाईंच्या पुतळ्याला हार घालताना छाती फुगते. आणि आमच्या कॉलनीच्या गणपतीची पत्रिका काल हातात पडली, तर प्रमुख पाहुणे कोण? तेच भिया! ज्यांच्या नावाने त्या पोराने थोबाडीत मारली, तेच. पत्रिकेवर त्यांचा फोटो गणपतीपेक्षा मोठा. मांडवाचा खर्च ते देतात, म्हणून.

मी अध्यक्षकाकांना फोन केला. सगळं सांगितलं, चष्म्याच्या काचेसकट. ते म्हणाले, "अगं, आपण चार घरची माणसं, यांच्याशी वाकडं कशाला घ्यायचं? उद्या ड्रेनेजचं काम अडलं तर?" काका, ड्रेनेजसाठी आपण कर भरतो! ते काम म्हणजे कोणाचे उपकार नाहीत. तुम्ही चाळीस वर्षं बँकेत नोकरी केलीत, कोणाचे मिंधे नाही आहात. मग तुमच्या नातवाच्या वयाच्या पोरांना "भैयाजी, भैयाजी" करत खुर्च्या का पुसून देता? त्यांची दांडगाई तुमच्या त्या नमस्कारावर पोसली जाते. आपल्या मांडवात, आपल्या टाळ्यांवर!

भीती मलाही वाटते. घरात तरुण मुलगा आहे, रोज स्कूटरने ऑफिसला जातो. पण भिऊन गप्प बसणं निराळं आणि हार घेऊन दारात उभं राहणं निराळं. गप्प बसणाऱ्याला मी समजून घेईन. हार घालणाऱ्याला नाही.

वर्गणीचं पुस्तक परत पाठवलं आहे, कोरं. दहा दिवस आरतीला येईन, मोदकही घेऊन येईन. भिया येतील त्या संध्याकाळी येणार नाही. का आल्या नाहीत, असं कोणी विचारलं, तर मांडवात माईकवर सांगायची माझी तयारी आहे.