माथेरानची राणी आणि जामनेरचे मामा

मे महिन्यात जामनेरला पारा पंचेचाळीसला टेकला, की घरातला प्रत्येक माणूस थंड हवेचं ठिकाण सुचवू लागतो. यंदा माथेरान ठरलं. नेरळहून टॅक्सीनं दस्तुरी नाक्यापर्यंत पटकन जाता येतं, हे मी सांगून पाहिलं. मामींना नेरळ-माथेरानची 'लहानी गाडी'च पाहिजे होती.

मामांची उमर पीजेत, म्हणजे पाचोरा-जामनेरच्या छोट्या रेल्वेगाडीत गेली. 2020 साली ती थांबली, पण मामांच्या बोलण्यात अजून वेळेवर सुटते. नेरळला रूळ पाहूनच ते म्हणाले, "आपल्या पीजेहून बी बारकी हाये भो ही!" खरंच होतं. पीजेचे रूळ अडीच फुटी, हिचे दोन फुटी. हा अर्धा फूट कुठून कापलाय ते बसल्यावर कळतं: गुडघ्यांतून. मामा समोर, मी इकडे, मधे मामींची पिशवी. कुठला गुडघा कुणाचा, हे खाजवल्याशिवाय समजेना.

पीरभॉय घराण्यानं स्वतःचा पैसा ओतून 1907 साली ही लाइन सुरू केली. सुमारे 21 किलोमीटर. गाडी डोंगर चढत नाही, डोंगराची समजूत काढत काढत वर जाते. वळण आलं की चाकं रुळाला घासून किंचाळतात आणि खिडकीतून आपलंच इंजिन उलटं आपल्याकडे येताना दिसतं. जुम्मापट्टीच्या पुढे करवंदं विकणारी एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आम्हाला ओलांडून गेली. घाईत नव्हती.

"पीजे बी हळूच चाले," मामा म्हणाले, "पन सपाटीवर चाले."

वाटेत एकच बोगदा, 'वन किस' नावाचा. नाव तसं का, हे मामींनी भर डब्यात विचारलं. सगळे दरी बघू लागले.

अमन लॉज स्टेशनला माकडं. त्यातल्या एकानं पिशवीत हात घालून नेमकं रावेरचं केळं काढलं, मामांच्या डोळ्यांत बघत सावकाश सोललं आणि साल मामांच्या मांडीवर ठेवली. ठेच्याच्या डब्याचा वास घेऊन मात्र तो तसाच परत केला.

दुसऱ्या दिवशी पॅनोरमा पॉइंटला गेलो. वारा मस्त होता. मामांनी खाली बोट दाखवलं.

"ते गाव कोन्तं रे भो?"

"नेरळ."

मामा बराच वेळ गुडघे चोळत राहिले. मामी परतीच्या तिकिटाची खिडकी किती वाजता उघडते, ते घोडेवाल्याला विचारत होत्या.