आपली भाषा जगभर पसरवायचीय? घ्या, उपाय हजर आहेत

परवा भाचीच्या शाळेत पालकसभा होती. आठवीला फ्रेंच घ्यावं की संस्कृत, यावर मार्गदर्शन. मार्गदर्शक बाईंनी पडद्यावर आयफेल टॉवर झळकवला आणि सांगून टाकलं, ‘‘फ्रेंच मुळातच इतकी गोड, की जग आपोआप तिच्या प्रेमात पडलं!’’ पालकांनी माना डोलावल्या. तुम्हालाही आपली भाषा अशीच ‘आपोआप’ पसरवायची असेल, तर कृती लिहून घ्या.

पहिलं म्हणजे, भाषा स्वतःची असायलाच हवी असं नाही. फ्रेंचांसारखी ‘आमचे पूर्वज गॉल’ (म्हणजे फ्रान्सचे प्राचीन रहिवासी) म्हणून छाती फुगवायची, बोलायची मात्र त्या गॉलना जिंकणाऱ्या रोमनांची झिजलेली लॅटिन, आणि देशाला नाव फ्रँक नावाच्या जर्मॅनिक टोळीचं. एवढं उसनं घेऊन झालं की शुद्धतेचा आग्रह धरायचा.

त्यासाठी १६३५ मध्ये फ्रान्सचा मंत्री रिशल्यू याने काढली तशी भाषेची अकादमी काढा. ४० सदस्य नेमा, त्यांना ‘अमर’ म्हणा. (आपल्याकडे हौशी उमेदवारांना तोटा नाही.)

राजा असाल तर फर्मान काढा. पहिल्या फ्रान्स्वाने १५३९ मध्ये कोर्टकचेरीचे कागद फ्रेंचमध्येच हवेत असं ठरवलं. गावाकडच्या पक्षकाराला कळो न कळो.

मग घरातल्यांची तोंडं बंद करा. हे महत्त्वाचं. १७९४ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, ग्रेग्वार नावाच्या धर्मगुरूने हिशेब मांडला: ६० लाख फ्रेंच नागरिकांना फ्रेंच येतच नाही, आणि शुद्ध बोलणारे ३० लाखांच्या वर नाहीत. म्हणजे बाई, गोडवा खुद्द फ्रान्सलाच कळला नव्हता! उपाय निघाला शाळेत. पश्चिमेकडच्या ब्रेटन मुलाच्या तोंडून घरची भाषा निघाली की गळ्यात लाकडी जोड्यासारखी एखादी वस्तू अडकवायची. ती काढायची एकच वाट, ब्रेटन बोलणारा दुसरा पोरगा पकडून द्यायचा. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात ती सापडेल त्या पोराला शिक्षा. सात-आठ वर्षांची पोरं एकमेकांवर पाळत ठेवायची! आणि ही युक्ती इतकी आवडली की पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींच्या शाळांतही नेली. सेनेगलच्या पोराने घरची वोलोफ बोलली की गळ्यात तेच लोढणं. कसला डोंबलाचा गोडवा?

एखादी वसाहत हातची निसटली तर वसुली करा. कॅरिबियन समुद्रातला हैती १८०४ मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये त्याच्या किनाऱ्यावर युद्धनौका उभ्या करून, तिथल्या जुन्या फ्रेंच मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईपोटी १५ कोटी फ्रँक मागा.

शेवटी, ज्यांना जिंकलं त्यांनीच संघटना काढावी याची वाट बघा. फ्रेंच भाषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पाया १९७० मध्ये नायजरच्या नियामेत घातला गेला. २०२५ मध्ये नायजरनेच तिला रामराम ठोकला, माली आणि बुर्किना फासोसकट. गोडवा संपला असावा.

पुरे झाली थट्टा. फ्रेंच शिका, जरूर शिका. सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेंघोर त्याच भाषेत मोठे कवी झाले. पण मुलांना थापा कशाला मारता? आज पॅरिसपेक्षा मोठं फ्रेंच बोलणारं शहर काँगोची राजधानी किन्शासा आहे, आणि तिथे फ्रेंच नेली बेल्जियनांनी. ज्या राजवटीत रबरासाठी माणसांचे हात तोडले, त्याच राजवटीबरोबर ती आली. आणि पालकहो, तुम्ही घरात चार पुस्तकं ठेवता, हातात फोन आहे, एकालाही ‘कशी पसरली?’ विचारावंसं वाटलं नाही? मार्क पडतात म्हणून घेताय ना? मग तेवढंच म्हणा. प्रेमाबिमाच्या गोष्टी पोरांच्या गळ्यात मारू नका.