सरळ सांगा ना, जावाची आवृत्ती चुकलीय म्हणून!

काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारं अँड्रॉइड अ‍ॅप. कोडच्या एकाही ओळीला हात लावलेला नाही. सकाळी एडिटरने स्वतःला अपडेट करून घेतलं, सोबत नवा जावा आणला आणि ग्रेडलचं, म्हणजे कोडपासून अ‍ॅप बांधणाऱ्या साधनाचं, बिल्ड लाल! कारण काय? ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 65’. अरे, हे 65 कुणाला पाठ असतं? 65 म्हणजे जावा 21, 61 म्हणजे जावा 17. मग तसं लिहायला काय धाड भरलीय? ‘तुमचा जावा 21 आहे, त्यावर चालायला ग्रेडल किमान 8.5 लागेल.’ संपला विषय!

पण नाही. ग्रेडलची आवृत्ती वाढवली की त्याला जोडलेला अँड्रॉइडचा प्लगइन रुसतो. प्लगइन 8 वर नेला की तो जावा 17 शिवाय हलत नाही, वर अ‍ॅपच्या प्रत्येक भागात, म्हणजे मॉड्यूलमध्ये, ‘नेमस्पेस’ (त्या मॉड्यूलचं स्वतःचं नाव) लिहा म्हणतो. आपल्या मॉड्यूलमध्ये लिहिलं. पण दुसऱ्या कुणाची आयती वापरलेली, वर्षानुवर्षं कुणी न शिवलेली लायब्ररी असते, तिच्यात कोण लिहिणार?

एडिटर एका जावावर, टर्मिनल दुसऱ्याच. इथे चालतं, तिथे फुटतं. आणि उपाय ठरलेला: कॅश (साठवून ठेवलेल्या फाइल्स) उडवा, रीस्टार्ट करा, ग्रेडलचा फोल्डरच पुसा. म्हणजे सगळ्या लायब्रऱ्या पुन्हा डाउनलोड! मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शिकणाऱ्या पोरांनी काय करायचं? स्क्रीनवर पहिलं बटण दिसायच्या आत ती लॅपटॉप मिटतात. म्हणतात, आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही. अरे, प्रोग्रामिंगची अजून एक ओळ लिहू दिलीय का कुणी त्यांना?